हॉकीच्या गोलकीपरला अंगापिंडाने मोठं असावं लागतं का?

गोव्यात गोलकीपर म्हटलं की डोळ्यांपुढे आधी फुटबॉल येतो. उंच, हाडापेराने दणकट पोराला दोन खांबांमध्ये उभं करायचं ही सवय तिथली, आणि ती हॉकीच्या मैदानावर जशीच्या तशी येते. शाळेचा संघ निवडताना सगळ्यात उंच मुलाला, नाहीतर धावायला जड असलेल्या मुलाला पॅड बांधले जातात. चणीने लहान पण चपळ मुलगी पुढे आली तर तिला विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळायला सांगतात. यात किती तथ्य आहे हे मोजून बघता येतं. मीटरपट्टी, दोन दोर आणि शाळेतलं त्रैराशिक एवढ्यावर भागतं.

आधी गोल केवढा ते बघू. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे जवळपास १७.९ चौरस मीटर. हॉकीचा ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, म्हणजे ७.८ चौरस मीटर. निम्म्याहूनही कमी. बर्फावरच्या हॉकीचा गोल तर १.८३ बाय १.२२ मीटर, जेमतेम २.२ चौरस मीटर. तिथे गोलकीपर गुडघ्यांवर बसून अंगानेच गोल झाकतो, म्हणून मोठ्या देहाचा सरळ फायदा होतो. तिथल्या व्यावसायिक संघांचे बहुतेक गोलकीपर सहा फुटांच्या वरचे असतात ते त्यामुळे. गोलकीपरच्या देहाविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बरंचसं त्या खेळाचं असतं. ते उचलून टर्फवरच्या, म्हणजे कृत्रिम गवतावरच्या, हॉकीला लावलं की गफलत होते.

टर्फवरच्या हॉकीत गोलकीपरला पुढे येता येतं, आणि सगळं गणित या एका गोष्टीने बदलतं.

समजा फॉरवर्ड गोलच्या अगदी समोर, ८ मीटरवर आहे. गोलकीपर रेषेवरच थांबला तर त्याला पूर्ण ३.६६ मीटर रुंदी आणि २.१४ मीटर उंची सांभाळायची आहे. आता तो २ मीटर पुढे आला. चेंडूपासून गोलपर्यंतचं अंतर ८, चेंडूपासून गोलकीपरपर्यंतचं ६. म्हणून सांभाळायची रुंदी उरली ३.६६ च्या सहा-अष्टमांश, म्हणजे सुमारे २.७५ मीटर. उंची त्याच हिशोबाने १.६ मीटर. चेंडू सरळ रेषेत जात नाही, थोडी कमान घेतो. त्यामुळे ताशी ९० किलोमीटरच्या फटक्याला त्या जागी साधारण १० सेंटीमीटर जास्त धरायचे. तरी १.७ मीटरच झाले.

१.६५ मीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाने टाचा न उचलता हात वर केला तर बोटं साधारण २.१ मीटरवर पोहोचतात. १.४५ मीटर उंचीच्या तेरा वर्षांच्या मुलीची साधारण १.८५ वर. म्हणजे समोरच्या ८ मीटरवरच्या फटक्याला तीही योग्य जागी उभी असेल तर तिच्या डोक्यावरून गोल होण्याला जागा उरत नाही. फॉरवर्ड बाजूला असेल तर काम आणखी सोपं, कारण गोल तिरका दिसतो. ४५ अंशांवरून बघितलं तर ३.६६ मीटरचा गोल २.६ मीटरचाच उरतो.

मग उंचीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो नेमका सांगता येतो. उंच गोलकीपरला मागे राहण्याची मुभा मिळते. तेच ८ मीटरवरचं उदाहरण घ्या. १.८३ मीटरचा गोलकीपर फक्त १ मीटर पुढे आला तरी त्याचं वरचं क्षेत्र आवाक्यात असतं. लहान चणीच्या गोलकीपरला तेवढंच झाकायला २ मीटर यावं लागतं. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू एक मीटर ०.०४ सेकंदात कापतो, म्हणून मागे असलेल्याला तेवढा वेळ जास्त बघायला मिळतो. त्याहून मोठा फायदा दुसरा आहे: फॉरवर्डने स्वतः न मारता दूरच्या खांबाकडे पास दिला, तर मागे असलेल्याला परत फिरताना एक मीटर कमी अंतर कापावं लागतं. लहान चणीचा गोलकीपर गोल खातो तो बहुतेक इथे, आडव्या पासवर. वरच्या कोपऱ्यात त्याला फार कमी वेळा हरवलं जातं. त्याला सराव द्यायचा तो पास ओळखण्याचा: फॉरवर्डचे खांदे कुठे वळलेत, दुसरा माणूस दूरच्या खांबावर मोकळा आहे का, आपला बचावपटू पासची वाट अडवतोय की चेंडूकडे धावतोय. मोकळा माणूस दिसला की अर्धा मीटर मागे. हे सगळं ओरडून बचावपटूंनाही सांगायचं. डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, गप्प राहणारा गोलकीपर कितीही उंच असला तरी अर्धाच.

आडव्या आवाक्याचाही हिशोब करून टाकू. हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर साधारण उंचीइतकंच भरतं. १.८३ आणि १.६५ मीटरच्या दोघांत १८ सेंटीमीटरचा फरक, म्हणजे एका बाजूला ९. हॉकीच्या चेंडूचा परीघ २२४ ते २३५ मिलिमीटर, म्हणजे व्यास ७ सेंटीमीटरच्या थोडा वर. तेव्हा सहा फुटांचा गोलकीपर पाच फूट पाच इंचवाल्यापेक्षा प्रत्येक बाजूला एका चेंडूहून जरासं जास्त झाकतो. हे थोडं नाही. खांबाला घासून आत जाणारा चेंडू आणि बाहेर जाणारा चेंडू यांत एवढाच फरक असतो. पण चुकीच्या जागी अर्ध्या पावलाने उभं राहिलं तर ३०-४० सेंटीमीटर जातात, म्हणजे उंचीने मिळवलेल्याच्या चौपट.

उंची खरोखर मोजली जाते ती पेनल्टी स्ट्रोकला, म्हणजे एकट्या गोलकीपरसमोर मारायच्या फटक्याला. चेंडू गोलपासून ६.४० मीटरवर, आणि नियमाप्रमाणे चेंडू खेळला जाईपर्यंत गोलकीपरचे दोन्ही पाय रेषेवर. पुढे येऊन कोन कमी करायची सोयच नाही. पूर्ण गोल सांभाळायचा, मधोमध उभं राहिलं की दोन्ही खांब १.८३ मीटरवर, आणि ताशी ८० किलोमीटरचा चेंडू पोहोचायला सुमारे ०.२९ सेकंद. डोळ्यांनी बघून अंग हलायलाच ०.२ सेकंद जातात. इथे लांब हात सोनं. संघात दोन गोलकीपर असतील आणि एक उंच असेल, तर स्ट्रोकचा सराव त्याचा जास्त घ्यावा, हे सरळ आहे.

पेनल्टी कॉर्नरचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. तिथे चेंडू गोलच्या बाजूला बॅकलाइनवरून डीच्या टोकाकडे दिला जातो आणि तिथून गोलवर फटका येतो. ड्रॅग फ्लिक, म्हणजे काठीने ओढत नेऊन भिरकावलेला चेंडू, डीच्या टोकावरून, सुमारे १४ मीटरवरून सुटते. ताशी १०८ किलोमीटर वेग धरला तर चेंडू गोलात पोहोचायला ०.४७ सेकंद. त्यातले ०.२ गेले की हालचालीला उरले ०.२७. चेंडू बॅकलाइनवरून सुटेपर्यंत गोलकीपरला रेषेच्या मागे थांबावं लागतं. सुटल्यावर दोन-तीन झपाझप पावलं टाकून दीड-दोन मीटर पुढे यायचं, आणि फ्लिक मारणाऱ्याची काठी चेंडूला लागायच्या आत पाय रोवून थांबायचं. बहुतेक चूक होते ती या थांबण्यात. फ्लिक सुटताना गोलकीपर अजून पुढे सरकत असेल तर त्याचं वजन पुढे असतं आणि बाजूला झेप घेता येत नाही. अशा वेळी दोन मीटर पुढे सरकत राहण्यापेक्षा एक मीटरवर स्थिर उभं राहिलेलं बरं. उंच, जड गोलकीपरला थांबायला जास्त ताकद लागते, म्हणून त्याने पावलं कमी आणि आखूड ठेवावीत.

कॉर्नरवरचा पहिला फटका फ्लिक नसून सरळ हिट असेल तर नियम वेगळा: चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर असता कामा नये, म्हणजे गोलच्या आतल्या फळीच्या उंचीत. म्हणून हिट येतेय हे ओळखलं की गोलकीपर आडवा पडतो आणि जमिनीलगतची भिंत होतो. हात डोक्यापुढे ताणून १.८३ मीटरचा माणूस जवळपास २.३ मीटर झाकतो, १.६५ चा २.१. फरक २० सेंटीमीटरचा. पण उंच माणसाचं ढुंगण जमिनीपासून जास्त वर असतं, आणि तिथून खाली यायला त्याला जास्त वेळ लागतो. हॉकीत चेंडू बराच वेळ जमिनीलगतच खेळला जातो, त्यामुळे उंच गोलकीपरची परीक्षा पायांजवळ होते. दोन पायांमधली फट, आणि डाव्या-उजव्या किकरच्या, म्हणजे बुटावर चढवायच्या फोमच्या आवरणाच्या, बाहेरची वीतभर जागा. तो आळसाने सरळ उभा राहिला की या दोन्ही जागा उघड्या पडतात. गुडघे पायाच्या बोटांवर आलेले, वजन चवड्यांवर, हात कंबरेच्या उंचीवर आणि अंगापुढे इतके की डोळ्याच्या कोपऱ्यात दिसावेत: अशा बसक्या पवित्र्यात पाच फूट पाच आणि सहा फूट यांच्यातलं अंतर पुष्कळ मिटतं.

उंचीचा एक फायदा मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे दिसणं. डीमध्ये सात-आठ माणसं असताना उंच गोलकीपर त्यांच्या खांद्यांवरून बघतो. लहान चणीच्याला चेंडू दिसतच नाही, आणि दिसला तेव्हा तो चार मीटरवर आलेला असतो. यावर टाचा उंचावणं हा उपाय नाही. टाचा उचलून उंच झालं की गुडघे सरळ होतात आणि झेप घेता येत नाही. अर्धं पाऊल बाजूला व्हावं आणि आणखी खाली वाकून पायांच्या मधून बघावं. हॉकीचा चेंडू बहुधा खालीच असतो, त्यामुळे वरून बघण्याइतकंच खालून बघणंही कामी येतं.

आता जाडीचं. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. तो अडवायला अंगात वजन असावं लागत नाही, पॅडचा फोम ते काम करतो. रुंद अंगाने झाकलं जाणारं क्षेत्र पोटाजवळचं, आणि तिथे मुद्दाम कोणी मारत नाही. जादा वजनाची किंमत मोजावी लागते ती पहिल्या बचावानंतर. चेंडू पॅडला लागून तीन मीटरवर पडला, समोरचा फॉरवर्ड पोहोचायला एक सेकंद, आणि तेवढ्यात गोलकीपरला जमिनीवरून उठून पुन्हा उभं राहायचंय. किटचं वजन आठ-दहा किलोच्या घरात असतं, पाण्याने भिजलेल्या टर्फवर त्याहून जास्त. म्हणून निवड करताना मुलाला पूर्ण किट घालून आडवं पाडावं आणि उठून जवळच्या खांबाला हात लावायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघावं. डावीकडून पाच वेळा, उजवीकडून पाच वेळा. पाचवी वेळ पहिलीपेक्षा किती लांबली, यावरून उंची-वजनाच्या तक्त्यापेक्षा जास्त कळतं.

सामना बरोबरीत सुटल्यावरच्या शूटआउटलाही हेच. फॉरवर्ड २३ मीटरच्या रेषेवरून निघतो, त्याच्याकडे ८ सेकंद. गोलकीपरने झटकन पुढे यावं, फॉरवर्डला बाजूला जायला भाग पाडावं आणि शक्य तितका वेळ पायांवर राहावं. आधी पडला तो हरला. ४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने बराच वेळ दहा जणांनिशी खेळून १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउट ४-२ ने जिंकलं. तेव्हा गोलात पी. आर. श्रीजेश होते. ते चांगले उंच आहेत, पण तो सामना पुन्हा लावून बघायचाच तर हातांपेक्षा पायांकडे बघावं.

गोव्याशी नातं सांगणारे लिओ पिंटो १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे गोलकीपर होते. हेल्मेट नसलेल्या त्या काळात जागा धरणं हेच गोलकीपरचं संरक्षण होतं. आज किट आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तेच अडचण होऊन बसतं. नियमाप्रमाणे पायात बांधल्यावर प्रत्येक पॅड जास्तीत जास्त ३०० मिलिमीटर रुंद असू शकतो. हाताचं गार्ड २२८ मिलिमीटर रुंद आणि ३५५ लांब. ही मर्यादा सगळ्यांना सारखीच, म्हणजे लहान मुलालाही पायांपुढे ६० सेंटीमीटरची भिंत मिळते. पण शाळेत बहुधा एकच किट असतं, मोठ्यांच्या मापाचं. पॅड लांब पडला की वाकताना त्याचं वरचं टोक जांघेत टोचतं, मूल नकळत सरळ उभं राहतं, आणि सरळ उभं राहिलेल्याला खालचा चेंडू जमत नाही. मग निष्कर्ष निघतो की मूल लहान आहे म्हणून जमत नाही. दोष पॅडचा असतो.

माप बघायची रीत साधी आहे. बूट, किकर आणि पॅड घालून मुलाला खुर्चीवर बसवा. पॅडची गुडघ्याची घडी नेमकी गुडघ्यावर यायला हवी, वरचं टोक मांडीच्या मध्यापर्यंत. पॅडची खालची कड किकरवर चढलेली हवी. मध्ये फट राहिली तर घोट्याला लागतं. पोटरीचे पट्टे घट्ट, सगळ्यात वरचा दोन बोटं जातील इतका सैल. पट्टे ढिले राहिले की धावताना पॅड फिरतो, सपाट बाजू आत वळते आणि लागलेला चेंडू बाहेर जाण्याऐवजी डीच्या मध्यात, फॉरवर्डच्या काठीवर जातो. किकरच्या टोकाशी बूट हलत असेल तर चेंडू वर उडतो. पुढे कापडाची घडी भरून तात्पुरतं भागवता येतं.

मैदानाचाही देहाशी संबंध आहे. पेडे-म्हापशाच्या टर्फवर, जिथे २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली हॉकी झाली, चेंडू सरळ येतो आणि गोलकीपरला घसरत जाता येतं. शाळेच्या तांबड्या मातीवर खडे असतात, चेंडू शेवटच्या दोन मीटरांत उसळतो, आणि घसरायला गेलं तर कोपर सोलून निघतं. मातीवर म्हणून मोठा देह थोडा जास्त चालतो: उसळलेला चेंडू कुठेतरी अंगाला लागतो. अशा मैदानावर निवडलेला गोलकीपर टर्फवर गेला की अडकतो. मातीवरच्या सामन्यातले आकडे बघून टर्फसाठी निवड करू नये.

शिवाय इथली दमट हवा. मोठ्या देहात उष्णता जास्त तयार होते आणि किटमुळे घाम वाळत नाही. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी हेल्मेट आणि छातीचं गार्ड उतरवून सावलीत बसवावं. सरावाआधी आणि नंतर वजन करावं; कमी झालेलं प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. गोलकीपर शेवटच्या पंधरा मिनिटांत उशिरा हलायला लागला तर वयाला किंवा अंगाला बोल लावण्याआधी हे तपासा.

बाराव्या-तेराव्या वर्षी कोण किती उंच होईल हे ठरवून कोणाला बाद करणं तर अजिबात बरोबर नाही. वर्षभरात मूल आठ-दहा सेंटीमीटरही वाढू शकतं, आणि वाढीच्या त्या काळात हातपाय लांबले तरी ताबा मागे राहतो. काल जमणारा बचाव आज जमत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर घसरण्याचा आणि गुडघा टेकण्याचा सराव काही आठवडे कमी करावा, उभ्याने करायचा चालू ठेवावा. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं.

आता ते दोन दोर. प्रत्येकी पंधरा मीटरचे घ्या. एकेक टोक दोन्ही खांबांच्या बुंध्याला बांधा, मोकळी टोकं एकत्र करून चेंडूच्या जागी खुंटीला अडकवा. दोरांचा त्रिकोण म्हणजे गोलात जाऊ शकणारा चेंडू. गोलकीपरला रेषेवर उभं करा: दोन्ही हात पसरूनही दोर लांब. मग एकेक पाऊल पुढे घ्या. एक पाऊल आणि हात ताणून दोन्ही दोरांना स्पर्श होईल ती त्याची जागा. तिथे चुन्याचा ठिपका. खुंटी उजवीकडे, डावीकडे, जवळ, लांब अशी हलवून आठ-दहा ठिपके काढले की ते जोडून एक चंद्रकोर तयार होते, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. ही चंद्रकोर प्रत्येकाची वेगळी. लहान चणीच्या मुलीची पुढे फुगलेली, उंच मुलाची गोलला चिकटलेली. सराव तिच्यावरून सरकत करायचा, आधी खाली बघून, मग नजर चेंडूवर ठेवून, आणि शेवटी चुना पुसून. मूल वाढत असेल तर दर तीन महिन्यांनी दोर पुन्हा बांधा, कारण उंची वाढेल तसे ते ठिपके मागे सरकतात.